न विझणारी ओळ

११ फेब्रुवारी

सासूबाईंना आज दवाखान्यात ठेवलं. फ्लू. ताप एकशे तीन, आणि तरी डॉक्टरांना म्हणाल्या, "कॉलर वाकडी बसवलीय तुमच्या शिंप्यानं." चाळीस वर्षं शिवणकाम केलेला डोळा तो! गोळ्या सुरू झाल्यात. आता काळजी नाही — अशी मी हिची, त्यांच्या लेकीची, समजूत घातली.

१२ फेब्रुवारी

"गोळी करते काय, ते तरी सांगा. प्रयोगशाळेत इतकी वर्षं नुसत्या काचा धुता की काय?" — सासूबाई.

सांगितलं. विषाणू पेशीत शिरतो, तिथं आपल्यासारखे शेकडो करतो. ती पिलावळ बाहेर येते, पण पेशीच्या अंगावरच्या साखरेला चिकटून राहते. विषाणूच्या पाठीवर एक एन्झाइम असतं, ते ही साखर कापतं. मग सुटतात सगळे, पुढच्या पेशीकडे. गोळी त्या एन्झाइमला जखडते.

"म्हणजे कपडा शिवून झाला, पण दोरा कापल्याशिवाय मशीनवरून निघत नाही, तसं! कात्रीच लपवायची."

खोकत खोकत हसल्या. वीस वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

ताप तसाच.

१४ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात सासूबाईंच्याच वॉर्डातून आलेला दुसऱ्या एका रुग्णाचा नमुना आज तपासला. एन्झाइम कापत असेल तर प्लेटमधले खळगे चमकतात. औषध घातलं की विझायला हवेत. बाकी नमुन्यांच्या खळग्यांच्या ओळी विझल्या. याची ओळ चमकतच राहिली. या विषाणूवर गोळी चालत नाही! सासूबाईंनाही हाच असणार, म्हणून ताप हटत नाही.

बाईंकडे — आमच्या विभागप्रमुखांकडे — धावलो. "औषध घालायला विसरला असाल." नाही विसरलो! "सासूबाई तिथं आहेत म्हणून घाई झालीय तुम्हाला. पुन्हा करा, मग अहवाल."

राग आला. पटलंही, तेच वाईट.

१५ फेब्रुवारी

पुन्हा केलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. तीच ओळ, तशीच लख्ख. त्यांनी फोन उचलला आणि डॉक्टरांना स्वतः सांगितलं. मग मला — "जा आता. इथं उभे राहून काय करताय?"

डॉक्टर दुसरं औषध देणार. ते पेशीच्या आतच नवे विषाणू बनू देत नाही. एकच डोस पुरतो.

संध्याकाळी विचारलं, घेतलंत का? "घेतलं हो जावईबापू, घेतलं! किती वेळा विचाराल?"

१७ फेब्रुवारी

ताप उतरला! ही आधी रडली, मग म्हणाली भूक लागलीय. मी आरशासमोर उगाच जरा ताठ उभा राहिलो. माझ्या हातून झालेलं काम पहिल्यांदाच घरच्या माणसाच्या उपयोगी पडलं.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंना घरी आणलं. निघताना नर्सनं बाजूला घेतलं. त्या दिवशी नव्या औषधाचा एकच डोस होता म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या कॉलेजातल्या मुलीला धाप लागलेली. सासूबाईंनी डॉक्टरांशी भांडून तो तिला द्यायला लावला. "जावयाला कळलं तर बघा!" अशी सगळ्यांना तंबी. यांचा ताप आपला आपणच उतरला.

मुलगी खाटेवर बसून चहा पीत होती.

गाडीत सासूबाईंनी विचारलं, "नर्स काय म्हणत होती?" म्हटलं, काही नाही.