राजवाडा, आतून

१० मे, हॅरो, लंडन

हॅरोच्या ज्येष्ठ मंडळींनो, आजवर आपल्याला किती राजवाडे दाखवले? आणि त्यातले किती आतून?

मंडळाच्या उद्याच्या मीटिंगमध्ये असंच सुरू करायचं. तीन वर्षं, तीन सहली. दर वेळी कोच थांबतो, ‘फोटो स्टॉप, पंधरा मिनिटं’, त्यातली बारा टॉयलेटच्या रांगेत. मग हॅरोला येऊन आपण सांगतो – राजवाडा पाहिला. भिंत पाहिलीत, भिंत!

मला स्वतःला राजांच्या घरांत रस नाही. रयतेच्या घामावर उभे दिवाणखाने. पण सीमाला आहे. लग्नाआधीपासून तिच्याकडे एक बिस्किटांचा डबा आहे, झाकणावर आल्प्समधला तो पांढरा राजवाडा. नॉयश्वानस्टाइन. आता त्यात बटणं असतात. ऑक्टोबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पुढे चढ जमेल की नाही कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, “या वेळी आत जायचंय हो.”

११ मे

जिंकलो. बावीस मिनिटं बोललो.

सहल काढणारा मिहीर इथेच जन्मलेला, मराठी जमेल तसं. “ओके काका, ओके. आतली तिकिटं काढतो. पण टाइम स्लॉट असतो हां. एक मिनिट लेट चालत नाही.”

वेळेचं मला शिकवतो!

सीमा नेहमीसारखी पहिल्या रांगेत, घड्याळावर बोट ठेवून. चाळीस वर्षांची आमची खूण – बोट ठेवलं की आटपा. मी ते ‘अजून पाच मिनिटं’ असं धरतो.

२ जून

नॉयश्वानस्टाइन बांधणाऱ्या लुडविग राजावरचं तिसरं पुस्तक संपलं. त्याने सिंहासनासाठी आख्खा दरबार बांधला आणि सिंहासन यायच्या आत वारला. दरबार रिकामाच! हा राजा मला आवडायला लागलाय. सीमाला कळू देऊ नये.

८ जून, बव्हेरिया

काय लिहू.

चढ मोठा. सीमा माझा हात धरून, दर वळणावर थांबत, पण तक्रार नाही. धुकं हललं आणि डब्याचं झाकण समोर उभं राहिलं. तिने नुसता हात दाबला.

अंगणात पोचलो तर दहा मिनिटं हातात. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी बथशेबाबाई, त्यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. हॅरोहून आणलेला! “आतल्या तिकिटांसाठी लढणाऱ्या विष्णूपंतांचा सत्कार इथेच झाला पाहिजे.” सगळ्यांनी गोल केला. आता, सत्काराला उत्तर द्यायचं नाही हे मराठी माणसाला शक्य आहे का? “दोनच शब्द,” म्हणालो.

रयतेपासून सुरुवात केली. सीमा गेटपाशी उभी, घड्याळावर बोट. मी मान डोलावली आणि फ्रेंच राज्यक्रांतीकडे वळलो.

“काका, आपला नंबर आली!” मिहीर.

एक शेवटचा मुद्दा, म्हटलं. मुद्दा संपला. टाळ्या पडल्या. बोर्डावरचा नंबर बदलला.

गेटवरच्या बाईंनी नकाराची मान हलवली. पुढचे सगळे स्लॉट भरलेले. शाल पांघरून, नारळ हातात धरून मी राजाच्या अंगणात उभा. बाहेर.

“फोटो स्टॉप,” बथशेबाबाई म्हणाल्या. “राजा वेडा होता म्हणतात. पण त्यानेसुद्धा घरी आलेल्यांना असं दारात उभं केलं नसेल.”

मिहीरने डोकी मोजली. एक कमी.

सीमा.

९ जून, कोचमध्ये

आपलं तिकीट दाखवून ती वेळेत आत गेली होती. एकटी. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळा कोच तिच्या तोंडाकडे बघतोय. ती खिडकीतून बाहेर.

“दरबार खरंच रिकामा आहे का गं?”

“तुम्ही वाचलंय ना सगळं.”

“रागावलीस?”

“रागावले असते तर भांडायला बाहेर थांबले असते. दोन मिनिटं थांबलेसुद्धा. मग म्हटलं, चाळीस वर्षं थांबतेच आहे.”

पुढे कॅलेच्या बंदरापर्यंत गप्प. दोघंही. माझा विक्रम.

१३ जून, हॅरो

सत्काराचा नारळ फोडला. नासका.

१५ जून

मंडळाने ठरवलं. पुढच्या रविवारी सीमा बोलणार. विषय – राजवाडा, आतून. बथशेबाबाईंनी मला आभार मानायला विचारलं. नको म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

आत्ता तिने बटणांचा डबा टेबलावर ठेवला, समोर कोरा कागद. “कशी सुरुवात करू हो?” माझ्याकडे बावीस मिनिटांचं उत्तर तयार होतं. म्हणालो, “आत तू होतीस.”

मी पहिल्या रांगेत बसणार, घड्याळ घरी ठेवून. हॅरोच्या ज्येष्ठ मंडळींनो, रविवारी चारच्या आत येऊन बसा.