दाताळ्याच्या दांड्याचं माप

माय, आज माझ्या मुलानं बाजारातून नवं फावडं आणलं. दांडा हातात धरून पाहिलास का, असं विचारलं तर म्हणाला, फावड्यात काय पाहायचं? मला तुझी अशी आठवण आली की हसता हसता ठसका लागला.

मेहकरच्या तहशिलीत तेव्हा तीन घोडे होते. बा गेल्यावर नदीकाठचा वांग्या-मिरच्यांचा मळा तुझ्या एकटीवर आला आणि तू लिदीच्या खताचा ध्यास घेतलास. तबेला रोज आपण साफ करायचा आणि लीद आपण न्यायची, असं तिथल्या कारकुनाशी ठरवून मोकळी झालीस. चारच दिवसांत कळलं की मळ्यातली अवजारं तिथं चालत नाहीत. लोखंडी फावड्यानं जमीन उकरली जायची, खड्ड्यांत मूत साचायचं, आणि त्या खरवडण्यानं त्यातली लाल घोडी कान मागं टाकून लाथ उगारायची. खराट्यानं लिदीसोबत कोरडं गवतही निघून यायचं. मग तुला लाकडी दातांचं दाताळं हवं झालं. लीद ओढली जावी, गवत दातांमधून मागं राहावं, आणि दांडा एवढा लांब की घोडीची लाथ तुझ्यापर्यंत पोचू नये.

त्याच आठवड्यात साखरखेर्ड्याचे लोक मला बघून गेले होते. घर भरलेलं, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा सरळ. बाजाराच्या दिवशी त्याचे वडील बाजारातच भेटून होकार सांगणार होते. तू सकाळीच मला नवं लुगडं नेसवलंस आणि म्हणालीस, "ते येईस्तोर दाताळं पाहून घेऊ."

बाजारात सुतारापुढं तू सात दाताळी काढायला लावलीस. एकाचे दात विरळ, एक जड, एकाचा दांडा तुझ्या कमरेचा वैरी. शेवटी एक पसंत पडलं, तर तू गोणपाट अंथरलंस आणि मला म्हणालीस, "हो घोडी."

मी नव्या लुगड्यानिशी चार पायांवर ओणवी. तू मागं दाताळं घेऊन उभी.

सुतार कळवळला. "काऊन हो बाई, पोरीले काऊन छळून राह्यल्या? घोडीची लाथ लांब जाते, पोरीची कुठं जाते?"

"तेवढं मले समजते. वरून दोन हात वाढवून घेईन. मार वं लाथ! सकाळी जेवली नाही काय?"

मी लाथ मारली. शेजारच्या दुकानातली टोपल्यांची चळत कोसळली, आणि मी मान वर करून अशी खिंकाळले की पलीकडच्या टांग्याच्या घोड्यानं उत्तर दिलं. तू वळून पाहिलंस तर साखरखेर्ड्याचे पाहुणे, मुलाचे वडील, उभे. एक टोपली त्यांच्या पायाशी.

"आम्ही पोरगी पाह्यली होती बाई," ते म्हणाले, "तुम्ही हे काय दाखवून राह्यल्या?"

"दांडा मापून राह्यली होती जी," तू म्हणालीस. ते पागोटं सावरत निघून गेले. तू रडत रडत घरी आलीस, पण दाताळं घेऊनच आलीस.

पुढं दोन वर्षांनी माझं लग्न आपल्याच गल्लीत, शेजारच्याच घरात झालं. नवऱ्याचा आवाज जरा चढला की तू भिंतीपलीकडून कपाळावर हात मारायचीस. शेवटच्या दुखण्यातही माझा हात धरून म्हणालीस, "मीच तुले घोडी केलं, माय. माह्याच्यानं तुह्यं सोन्यासारखं घर गेलं." मी नुसती तुझे पाय चेपत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. मी ओणवी होते ना, तेव्हा पायांच्या मधून मला त्यांचं पागोटं उलटं दिसलं होतं, पार पानवाल्याच्या दुकानापासून येताना. तू फक्त लाथ मारायला सांगितली होतीस. खिंकाळले मी माझ्या मनानं. तीन घोड्यांची लीद तू एकटीनं कशी काढली असतीस, माय?