फेनवटी

४ मार्च

आज एका घोर अन्यायाची नोंद. चित्रकथेत पात्रांच्या तोंडाजवळ जो फुगा काढतात, ज्यात त्यांचं बोलणं लिहायचं, तो फारच लहान असतो. 'वस्त्रप्रक्षालनयंत्र' हा माझा लाडका शब्द आत घातला, तर 'यंत्र' बाहेर लोंबतं. मी तक्रार केली. चित्रकार कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते. तिच्याच भरवशावर या वयात पहिली चित्रकथा करायला निघालोय. मान वर न करता म्हणाली, "शास्त्रीबुवा, फुगा वाढवला तर तुमच्या नायकाला चौकटीबाहेर उभं राहावं लागेल."

पाणीपुरवठ्याच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहराला ही शास्त्रीबुवा म्हणते. संस्कृत शिकल्याचा दंड.

नायक ठरला — एक निवृत्त पंडित. रोजचा साधा शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी शपथ घेतलेला. तो गावात जातो आणि रस्ता चुकतो. त्याची भाषा कुणालाच कळत नाही.

सुचलं दादावरून. थोरला भाऊ. जन्मभर पोरांना संस्कृत शिकवलं, मलाही. वहिनी गेल्यापासून आमच्याकडे असतो. परवा दाराशी उभा राहून बायकोला म्हणाला, "ती... द्वारोद्घाटिनी कुठं ठेवलीस?" म्हणजे किल्ली! आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला.

९ मार्च

दादा रंगात आहे. गाळणं — पर्णनिरोधिका. साबण — फेनवटी. सकाळी न्हाणीघरातून हाक, "ठोंब्या, फेनवटी संपली रे." लहानपणी धातुरूपं चुकली की तो मला ठोंब्या म्हणायचा. माझे केस पांढरे झाले, नाव तेच राहिलं.

चित्रकाराने फेनवटी पंडिताच्या हातातून निसटवली आणि एक अख्खं पान ती घरभर पळवली. पंडित मागे धावतोय, पंचा सावरत. कचेरीत सगळ्यांनी पाहिलं. मी उगाच नम्रपणे मान खाली घातली.

१२ मार्च

पुस्तकासाठीचा माल संपत आला होता. न्याहारीच्या वेळी मीच कंगवा उचलून विचारलं, "दादा, हे काय बरं?"

बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "केशप्रसाधनी." आणि लगेच, "झालो का पास?"

मी लिहून घेत होतो. त्याच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

बायको बघत होती. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "दादा थट्टा करत नाहीयेत."

"मग?"

"शब्द आठवत नाही म्हणून नवा बनवतात. आपण हसतो, मग तेही हसतात."

मी म्हटलं, तू संस्कृत शिकली नाहीस, तुला त्यातली गंमत नाही कळायची.

"नाही कळत," ती म्हणाली. "कंगवा कळतो."

१३ मार्च

एक ओळही झाली नाही. कंगवा कळतो.

१७ मार्च

लक्ष ठेवलं. साबणाला परवा 'मलहारिणी' म्हणाला, आज 'स्नानगुटिका'. एरवी याला मी प्रतिभा म्हटलं असतं. पण दादाची एखादी कोटी जमली, की तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटतो, हे मला पुरतं ठाऊक आहे. फेनवटीवर एवढे हसलो, तरी ती पुन्हा त्याच्या तोंडी आली नाही. आठवत असती तर आली असती.

मला हे आज कळलं, असं लिहिणार होतो. निदान इथे तरी खोटं नको. किल्लीच्या वेळी त्याचा हात हवेत फिरत होता, कुलूप उघडल्यासारखा, शब्द शोधत. तो मी तेव्हाच पाहिला होता. आणि दुसऱ्या दिवशी चित्रकाराला सांगितलं, हा हातही घे, मजा येईल.

बायको म्हणते डॉक्टरांकडे नेऊ. "कच्चा मसुदा हातावेगळा होऊ दे," मी म्हटलं. ती भांडी आवरायला वळली. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी एकदा या प्रकाराला नाव दिलं, की मला हसता येणार नाही. आणि पुस्तक अर्ध्यावर आहे. असा हिशेब मी केला. सख्ख्या भावाचा.

२१ मार्च

चित्रकार म्हणाली, "शेवट द्या आता. पंडित घरी कसा पोचतो?"

"सुचत नाही."

"तुम्हाला? मग दादांनाच विचारा की."

सहज म्हणाली बिचारी. मी पाणी प्यायला उठलो.

२४ मार्च

मसुदा दादापुढे ठेवला. वाटलं, ओळखेल, चिडेल, चार शब्द सुनावेल. सुनावावेत म्हणूनच ठेवला.

त्याने एकेक चौकट बोट ठेवून वाचली. खुदुखुदु हसला. साबणाच्या पानावर थांबला. "फेनवटी! झकास शब्द आहे. तुला सुचला?"

मी हो म्हटलं.

दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते अजून ठरवता येत नाही.

"समासही शुद्ध. ठोंब्या, शिकलास बाबा शेवटी." पाठीवर थाप मारली. ती अजून तिथेच आहे.

२५ मार्च

डॉक्टरांची वेळ घेतली. परवा सकाळची. चित्रकाराला म्हटलं, पुस्तक थांबव. सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "तो हातही त्यांचाच?" मी मान डोलावली. तिने ते पान उलटं करून ठेवलं. आज शास्त्रीबुवा म्हणाली नाही.

२७ मार्च

निघताना दादा चपला घालून दारात उभा होता. मी कुलूप शोधत होतो. त्याने वळून हाक मारली. त्याआधी थोडा थांबला, हात हवेत जरासा फिरला.

"अनुज, चल ना."

अनुज. मागून जन्मलेला, धाकटा भाऊ. ठोंब्या नव्हे. शब्द अगदी अचूक आहे. बायको हसली नाही. मीही नाही.

पुस्तक होईल न होईल. मला भीती एवढीच वाटते, की उद्या त्याला हाही सापडणार नाही.