बोर्डाचं बंद पाकीट

सिस्टर, तुमची पितळी सुरी अजून माझ्याकडे आहे. मॅट्रिक होऊन कॉन्व्हेंटचं होस्टेल सोडताना तुम्ही ती मला भेट दिलीत, तेव्हा आनंद सोडाच, संतापच आला होता. याच सुरीने तुम्ही आमची घरची पत्रं उघडून वाचायचात. अजून दिसतं: नाश्त्याची वेळ आहे, आम्ही पाव चावतोय, आणि तुम्ही टेबलाशी उभ्या राहून एकेक पाकीट कापताय. मी म्हणते, "सिस्टर, ते माझ्या आईचं पत्र आहे." तुम्ही मान वर न करता विचारता, "लपवण्यासारखं काही आहे त्यात?" मी म्हणते, "नाही. तरी माझं आहे." त्या उत्तरापायी चॅपेलबाहेर तासभर गुडघे टेकून बसले. तेच गुडघे आता इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या थंडीत दुखतात, आणि दुखले की मी तुमच्याच नावाने बोटं मोडते.

माझी मुलगी ऑस्टिओपॅथ आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ म्हणजे पूर्ण डॉक्टर, शिवाय हातांनी सांधे, मणके मोकळे करणारी. कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा सोडून ती माझ्याजवळ राहायला येणार आहे. पण कॅलिफोर्नियाचं लायसन्स न्यू जर्सीत आपोआप चालत नाही. तिथल्या मेडिकल बोर्डाने हिच्याविरुद्ध तक्रार नाही असं लिहून द्यायचं, मग इथल्या बोर्डाने ते मानायचं. देश एकच, पण डॉक्टरने राज्य ओलांडलं की पुन्हा चारित्र्याचा दाखला. इथून अर्जासोबत पाठवायचा म्हणून तो माझ्या पत्त्यावर आला. पाकिटाच्या तोंडावर शिक्का, खाली सूचना: अर्जदाराने उघडू नये. मी कुठे अर्जदार आहे, असं म्हणत मी तुमची सुरी काढली.

खरं कारण वेगळं. ओक ट्री रोडवर भाजी घेताना कोणी ना कोणी काकू विचारतेच, "म्हणजे खरी डॉक्टर का गं?" मी म्हणते, "नाही, खोटी. तुमची कंबर घेऊन या, दाखवते." पण घरी आल्यावर मलाच ते कुणाकडून तरी छापील हवं होतं. आत एकच ओळ होती: परवाना वैध, तक्रार नाही. ती मी दोनदा वाचली, पाकीट गोंदाने चिकटवलं आणि तिच्या अर्जासोबत पाठवून दिलं.

काल तिचा फोन आला. "आई, बोर्डाने अप्लिकेशन परत पाठवलं. सील टॅम्पर झालंय म्हणतात. मी ते एन्व्हलप पाहिलंसुद्धा नाहीये, आणि माझ्याकडून रिटन एक्स्प्लनेशन मागतायत. तिकडच्या हॉस्पिटलने जॉइनिंग होल्डवर टाकलंय."

मी पोस्टाला शिव्या घातल्या. त्यांच्या मशीनमध्ये फाटलं असेल, असं मीच म्हणाले.

"यू थिंक सो? ओके, मग तसंच लिहिते."

आज दुपारी ती तसं लिहून सही करेल. माझ्या थापेवर तिची सही. म्हणून सकाळीच कागद घेऊन बसले होते, पाकीट मी उघडलं एवढंच बोर्डाला कळवायला. त्याच कागदावर हे तुम्हाला लिहून झालं, आणि तुम्हाला जाऊन तर कित्येक वर्षं लोटली. कॅलिफोर्नियात आता ती उठली असेल. फोन शेजारीच आहे.

एक मात्र कबूल करते, सिस्टर. तुम्ही निदान आमच्यासमोर उघडायचात.