अडकलेल्या लिफ्टची गोष्ट

सोमवार, ४ मार्च
१. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.
२. लिफ्ट-दुरुस्ती विभागाचे प्रमुख निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी आमच्यातल्यांचीच मुलाखत.
३. सर्टिफिकेटं नकोत म्हणाले. स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगायची.
४. मी हो म्हटलं.
दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती, ती गोष्ट घेणार. वर मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक मी सोडवला होता. बाकीच्या उमेदवारांची दया येते.

बुधवार, ६ मार्च
गोष्ट लिहिली. लक्षण, कारण, उपाय. आटोपशीर झाली. वॉशिंग मशीनसमोर म्हणून पाहिली. अडखळले नाही.
प्रमुख व्हायचं तर माणसांत मिसळायला हवं. उद्यापासून डबा सगळ्यांबरोबर.

गुरुवार, ७ मार्च
डबा जागेवरच खाल्ला. तिकडे खुर्ची रिकामी नव्हती. म्हणजे, नसणार.

शुक्रवार, ८ मार्च
ताईला फोनवर गोष्ट ऐकवली. छान आहे गं, म्हणाली, पण आत कोण होतं? एक आजी, मी म्हटलं. घाबरल्या असतील ना? याची नोंद नाही, मी म्हटलं. ताईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. नेटवर्क खराब असावं.

सोमवार, ११ मार्च
मफलरला ऐकवली. (बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून मफलर.) दवाखान्याच्या त्या कामावर तो माझ्याबरोबर होता. ऐकून म्हणाला, मॅडम, यात मी कुठे आहे? तुम्ही खाली दारापाशी बसला होता, त्याचा ब्रेकशी संबंध नाही, मी समजावलं. तो हसला. बरोबर आहे मॅडम, म्हणाला. जाणकाराची पसंती मिळाली.

गुरुवार, १४ मार्च
मुलाखत उत्तम. साहेबांनी एकच प्रश्न विचारला: तुम्ही वर काम करत होता तेव्हा आतल्या आजी काय करत होत्या? वाट बघत होत्या, मी सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढे विचारायला काही उरलंच नसणार.

सोमवार, १८ मार्च
जागा मफलरला मिळाली.
कारण समजावं म्हणून साहेबांकडे गेले. ते अवघडले. म्हणाले, त्यानेही तीच लिफ्ट सांगितली. तो दाराला कान लावून तासभर आजींशी गप्पा मारत होता. यंत्राबद्दल त्याच्या गोष्टीत एकच वाक्य होतं: वर मॅडम होत्या, त्यामुळे मला काळजी नव्हती.
साहेबांना म्हटलं, हे मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही विचारलं नसेल.
डबा तसाच परत आणला. संध्याकाळी ताईला फोन लावला आणि वाजायच्या आत कट केला. तिला काय सांगायचं, ते लिहून ठेवलेलं नव्हतं.

मंगळवार, १९ मार्च
मफलरला मेसेज पाठवला. मजकूर असा:
अभिनंदन. दवाखान्याच्या लिफ्टबद्दल एक विचारायचं राहून गेलं. दारापाशी बसून तुम्ही त्या आजींशी काय बोलत होता? कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.