तारेला झोका

३ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची. विमानातून उतरताना विंचवाल्याने (तार सोडायचं-ओढायचं यंत्र म्हणजे विंच, ते चालवणारा) मला चक्क उचलूनच खाली ठेवलं आणि इथल्या मोठ्या साहेबांना विचारलं, की सामानाच्या यादीत आजी नाही, तर सही कुठे करू? मी इतकी हसले की पापण्यांवर पाणी गोठलं. इथे जिकडे बघावं तिकडे पांढरं. सूर्य काही मावळायचं नाव घेत नाही, लोचट पाहुण्यासारखा बसलाय.

घर मात्र भारी आहे. बर्फात लांबलचक खंदक खणून वर छप्पर घातलंय. एका टोकाला स्वयंपाकघर, मध्ये झोपायच्या फळ्या आणि दुसऱ्या टोकाला यांचं ते बर्फात खोल भोक पाडायचं ड्रिल. यायजायला एकच शिडी आणि वर झाकण. इथला स्वयंपाकी पाय मोडून परत गेला, म्हणून नातीने मला बोलावून घेतलं. चार माणसांचं रांधायचं, त्यात काय मोठंसं? नात इथली ड्रिलची मुख्य आहे. साहेबसुद्धा तिला विचारून बोलतात. मी लहानाची मोठी केलेली पोर, नाक पुसायला माझा पदर धरायची, आणि आता दोन पुरुष तिचं ऐकतात. ऊर भरून आला. वहीही तिनेच दिली. म्हणाली, दिवसभर माझ्याशी बोलतेस ते यात बोल, मला काम करू दे.

५ तारीख, बुधवार

आज नातीने भोक दाखवलं. माझ्या सुपाएवढं तोंड, पण खोली विचारू नका. कितीतरी डोंगर एकावर एक उभे करावेत तेवढं खाली. आत तेल भरलेलं असतं, नाहीतर बर्फ चारही बाजूंनी सरकून भोक मिटवून टाकतो. त्या तेलात तारेच्या टोकाला ड्रिल लटकतं.

खालचं कुणाला दिसत नाही, म्हणून सगळं तारेच्या ताणावरून ओळखायचं. वर कप्पीपाशी ताण मोजायचं यंत्र आहे, त्याचा काटा बघत बसायचं. तार जितकी जास्त सोडाल तितकं तिचंच वजन वाढतं आणि काटा चढतो. ड्रिल तळाला टेकलं की भार तळाने घेतला, काटा उतरला. बर्फाचा कांडका तोडून वर ओढताना काटा उडी मारतो. मी म्हटलं, म्हणजे नाडी बघण्यासारखंच की. विंचवाला म्हणाला, आजींनी जन्मभर दूध उतू जाताना पाहिलंय, यांनाच बसवा काट्यापाशी. मी म्हटलं, बसेन, पण दूध तुझं उतू जाईल.

८ तारीख, शनिवार

आज गंमत झाली. सगळे जेवायला गेले आणि मला खरंच काट्यापाशी बसवलं. ड्रिल तळाच्या जरा वर लटकत ठेवलं होतं. बसल्या बसल्या माझा हात तारेवर गेला. आता हातात दोरी आली की माझा हात गप्प राहत नाही. पाच पोरं आणि ही नात, एवढे पाळणे ओढलेत मी. हातमोजा घातला, तार जराशी ओढली, सोडली, ओढली, सोडली. तोंडात अंगाई आली ती आलीच.

मग थांबले. आणि काटा आपला आपण हलला. एकदाच, हळूच.

मी पुन्हा ओढली. पुन्हा खालून तसंच. बाळ मुठीत बोट धरतं ना, अगदी तसं. मला इतकं कौतुक वाटलं की धावत जाऊन सांगितलं. साहेबांनी समजावलं की एवढी लांब तार रबरासारखी ताणते, तुमचाच झोका खाली जाऊन परत येतो. असेल बाई. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण नात उठून काटा बघून आली, आणि जेवलीही अर्धंच.

११ तारीख, मंगळवार

ड्रिल वर येईना. विंच चालू केला की काटा चढतच जातो, नात घाईने बंद करते. तिचं म्हणणं, ड्रिलचं वजन वाढलंय. विंचवाल्याने विचारलं, वजन कसं वाढेल, ते काय जेवतंय का खाली? कुणी हसलं नाही. वर वादळ आहे. झाकणावर इतका बर्फ साचलाय की दोघा पुरुषांनी खांदा लावूनही ते उघडलं नाही. विमान वारा पडल्यावरच येणार.

दुपारी काटा सारखा थडथडत होता. मी नातीच्या नकळत दोन झोके दिले. लगेच शांत.

१३ तारीख, गुरुवार

तेल भोकाच्या तोंडाशी आलं. मग काठावरून वाहायला लागलं. काटा उतरत उतरत शून्यावर गेला आणि तार सैल पडून जमिनीवर तिची वेटोळी झाली. मला वाटलं तुटली, सुटलो. नात पांढरी पडली होती. म्हणाली, "आजी, तार तुटली असती तरी वरच्या तुकड्याचं वजन काट्यावर दिसलं असतं. सगळा भार कुणीतरी खालून घेतलाय. आणि ते वर येतंय."

साहेब कापायचं यंत्र घेऊन आले. नातीने त्यांचा हात धरला. "तार कापलीत तर ते कुठवर आलंय हे कळायचं कसं?"

मी पुढे झाले. सैल तार गोळा करून धरली, अंगाई म्हटली, झोका दिला. किती वेळ कोण जाणे. हळूहळू तार सरसरत आत गेली, ताठ झाली, काटा चढला. तेल खाली बसलं.

ते शनिवारीच जागं झालं होतं, त्या पहिल्या झोक्याने. मीच केलं होतं जागं.

१४ तारीख, शुक्रवार

थांबले की काटा उतरतो. भाकरी भाजायला उठले तेवढ्यात तेल हातभर वर. नातीने झोका देऊन पाहिला, तिचा हात त्याला चालत नाही. विंचवाल्याचा तर मुळीच नाही. म्हणून तारेला टॉवेल बांधून त्याचं टोक मी पायाच्या अंगठ्यात धरलंय. हात मोकळे राहतात, म्हणून हे लिहिते.

साहेब आणि विंचवाला शिडीवरून झाकण फोडतायत. नात माझ्या पाठीला पाठ लावून बसलीय. मला सोडून जाणार नाही म्हणते. लहानपणीही अशीच, एकदा नाही म्हणाली की नाहीच.

१५ — शनिवार

वारा पडला. झाकण उघडलं. साहेब आणि विंचवाला वर गेले. विमान येतंय, थोडा वेळ थांबेल आणि जाईल.

नातीशी खोटं बोलले. म्हटलं, बघ काटा कसा स्थिर आहे, आता गाढ झोपलंय. तू वर जा, विमान धरून ठेव, मी पाय मोकळा करून आलेच. तिने काट्याकडे नीट पाहिलं. काटा स्थिर होता खरा. मग गेली. शिडीवर वळून म्हणाली, "आजी, लगेच ये हं." मी म्हटलं, जा गं, आले.

ती उडेपर्यंत झोका द्यायचा. तेवढंच. मग पाय दुखला तरी —

दुपार

विमान उतरलं वाटतं. घरघर ऐकू येतेय.

एक कळेना. मघापासून मी पाय हलवत नाहीये. अंगठा नुसता धरलाय. पण टॉवेल जातोय, येतोय. जातोय, येतोय. माझ्याच तालात. माझ्याच अंगाईचा ताल —

ते शिकलंय.

माझा पाय हलवतंय ते. इतकं हळुवार. किती वर्षांत मला कुणी असं जोजवलं नाही —

नाही. डोळे उघडे ठेवायचे. लिहीत राहायचं. विमान अजून बर्फावरच आहे. ती मला हाका मारतेय वरून. जा गं — जा ना —

तेल पावलांना लागलं. कोमट आहे. एवढ्या बर्फात कोमट —

टॉवेल सोडवत नाही. अंगठा बधिर —

हाक जवळ आली. शिडीवर आहे ती. परत येऊ नकोस, मी जागी आहे, मी जा