नावापुढचा शब्द

लालबाग, मुंबई
ता. १४ मार्च १९५६

प्रिय दत्तादादास गंगाधरचा नमस्कार.

तुझे कार्ड सोमवारी पोचले. खोलीतले सगळे बरे आहेत. खानावळीत सुंदराबाई रोज विचारतात, "दत्तारामाचं पान कधीपासून मांडू?" तुझी वळकटी कोपऱ्यात तशीच आहे.

सोलापूरच्या गिरणीसाठी तू चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला होतास, तो सोबत आहे. इंग्रजी मी लिहिले. आपल्या गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्कनी इतर कागदांबरोबर न वाचता सही केली. त्यात ऑनेस्ट, सोबर, हार्डवर्किंग असे तीन शब्द आहेत, म्हणजे प्रामाणिक, निर्व्यसनी, कष्टाळू. स्पेलिंगे डिक्शनरीत दोनदा पाहिली. निर्व्यसनी वाचून हसू नकोस, तंबाखू त्यात धरत नाहीत.

दिवाळीत मी असले शब्द वहीत उतरवून पाठ करीत होतो, तेव्हा खोलीतला प्रत्येक जण आपल्यासाठी एकेक मागत होता. कोंडीरामला मी टॉकेटिव्ह दिला, बडबड्या. तो आठ दिवस बोलला नाही. तू म्हणालास, "गंग्या, माका कुठलो देतंस?" तुला डिफायंट दिला. कुणाला न जुमानणारा. तू तो महिनाभर मिरवलास. नळावर ओरडायचास, "बाजूक व्हा, डिफायंट इलो!"

साहेबाने संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याचा राग काढला म्हणून नोकरी गेली, असे तू लिहितोस. ते पुरते बरोबर नाही.

जानेवारीत गोळीबारानंतर गिरणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मोर्च्याच्या दिवसांत गैरहजर असलेल्या एकेचाळीस जणांची यादी झाली. प्रत्येकाच्या नावापुढे स्वभावाचा एक इंग्रजी शब्द लिहून ती साहेबाकडे जायची होती. माझे अक्षर चांगले म्हणून काम माझ्याकडे आले. मी स्टेडी, क्वाएट, ओबिडियंट असे लिहीत गेलो, म्हणजे स्थिर, शांत, आज्ञाधारक. तुझ्या नावापाशी आलो तेव्हा हेडक्लार्क मागे उभे होते.

"हा तुझ्याच खोलीतला ना? मग तुला नीट ठाऊक असेल. लिही."

स्टेडी मला येत होता. मी डिफायंट लिहिला. तुला चांगला शब्द दिला तर एका खोलीत राहतो म्हणून मलाही त्यातलाच धरतील असे वाटले. बाकीचे चाळीस जण कामावर आहेत. मीही आहे.

भाऊच्या धक्क्यावर तुला गावच्या बोटीत बसवायला आलो तेव्हा सांगायचे होते. तेवढ्यात तू म्हणालास, "शिकत रव. खोलीत एकाक तरी इंग्रजी येवक होया." मग बोट सुटली.

दाखला वापर. त्यातले तिन्ही शब्द खरे आहेत.

खाली माझे नाव त्या यादीतल्यासारखे लिहितो आणि पुढे जागा सोडतो. शब्द तू घाल, मराठी चालेल. एवढा कागद परत पाठव.

गंगाधर : ....................